उजव्या गालात

अठ्ठेचाळीस वर्षं संसार झाला
पण शेवंताचं तोंड मी आतनं कधी बघितलं नव्हतं.
हसली की पदर आडवा.
मिसरीनं दात काळे, म्हणून असंल,
का सासूच्या धाकानं लागलेली सवय,
विचारायचं ऱ्हायलं.

आता विचारलं तर एकच शब्द येतो तिला.
बास.
पाणी पायजे, बास. पंखा लाव, बास.
लेक पुण्यासनं आली, गळ्यात पडून रडली, तरी बास.

सीपीआरमधनं घरी सोडताना
दातांची डॉक्टरीण आली, मगदूम.
आमच्या नातीपरीस ल्हान दिसती.
म्हणाली, आजोबा, उजवीकडचं त्यांना कळत नाही,
घास गालातच बसून राहतो.
तिथं कुजतो, झोपेत छातीत उतरतो.
मी म्हटलं, दाताचा आन् छातीचा काय संबंध?
तर माझंच बोट माझ्या गालात घालायला लावलं.
फिरवा, म्हणाली.
सकाळचं पोहं सापडलं.

सुभाषनगरात माझ्या वेणीला नाव होतं.
रापी, आरी, बाभळीच्या सालीत मुरलेलं कातडं.
वादी तोंडात भिजवायची,
टोक दातात धरून खसकन ओढायचं.
पुढच्या दोन दातांत खाच पडलेली,
बरोबर वादीएवढी.
ते दात कवाच गेले, खाच घेऊन गेले.
हाताला जोर म्हायती. हळू म्हायती न्हाई.

म्हणून पोरांचा ब्रश आणला, मऊ,
निळा, दांड्यावर ससा.
पेस्ट वाटाण्याएवढी.
तिला टेकवून बसवायचं, हनुवटी खाली,
आडवं निजवून न्हाई, ठसका लागतो.
बोटाला ओलं फडकं गुंडाळून गालात घातलं
तर भाताची शितं, अर्धी गोळी,
आन् दुपारी खाल्ली म्हणून मी ज्याच्यावर खूश हुतो
ती भाकरी. सगळीच्या सगळी.
मी उठून उगंच दारातल्या चपला सारख्या केल्या.

तिसऱ्या दिवशी चावली.
रगात आलं. सून पळत आली,
आत्या, सोडा ओ, सोडा!
मी म्हटलं राहू दे,
उजवीकडनं चावली, उजवी बाजू आली!
डॉक्टरीण फोनवर हसली.
जबड्याला तसं उजवं-डावं नसतं, आजोबा.
पण बोट धुवा.

पंधरवडा झाला आसंल.
खालच्या ओठाच्या आत, जिथं मिसरी धरायची,
बोट अडखळलं.
पांढरट. इवलंसं. बोराच्या बीएवढं.
दुखतं का म्हटलं. बास.
आता कातडं मी जन्मभर हाताळलंय.
कमावलेलं वेगळं, वाळलेलं वेगळं,
आन् आतनं नासायला लागलेलं
डोळ्याआधी बोटाला कळतं.
डागाशेजारी बोट ठेवून किती वेळ बसलो, काय ठाऊक.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली.
बॅटरी मारून बघितलं, बारकासा तुकडा काढला,
बाटलीत घातला, वर नाव लिहिलं. शेवंता.
कुणी बघितलं हे, तिनं विचारलं.
मी म्हटलं, बोटानं.
लवकर आलात, एवढंच म्हणाली.
बरं म्हणाली न्हाई, वाईट म्हणाली न्हाई.
रिपोर्ट गुरवारी.

मिसरीचा डबा फळीवरनं खाली घेतलाय.
टाकला न्हाई, मेणाच्या गोळ्याशेजारी ठेवलाय.
ती रोज सकाळी फळीकडं बघती, मग माझ्याकडं.
मी ब्रश भिजवतो.

काल रात्री चूळ टाकून झाल्यावर
डाव्या हातानं तिनं माझा ओठ खाली ओढला.
माझं काय आहे त्यात? चार दाढा, एक सुळा, बाकी मैदान.
लई वेळ बघत बसली,
बोट फिरवलं, इकडनं तिकडं,
जसं मी फिरवतो तसंच, पण हळू.
बास, म्हणाली.

हे कुठलं बास, मला अजून उमगलं न्हाई.