ऐंशी शिलिंग

लिव्हरपूलच्या गोदीत
डान्झिगचा गहू कुलूपबंद.
भाव ऐंशीला टेकल्याखेरीज सोडायचा नाही, असा कायदा.
तोवर तो आतल्या आत तापू नये म्हणून
एनॉक थ्रेलफॉल फावड्याने खालीवर करत राहतो,
पगारी.

पलीकडच्या वखारीत आढ्यापर्यंत कापडाचे तागे.
एनॉकचा सदरा कोपरात विरलेला.

बहीण टॅबिथा साहेबांकडे वाढायला असते. सांगत होती:
एक म्हणाले, माल आपलं गिऱ्हाईक आपणच घडवतो.
दुसरे म्हणाले, छे! जमीनदाराने हात सैल सोडला तरच खप.
वाद असा रंगला
की पुडिंग गार झालं.

सुटताना फाटकावरचा शिपाई
एनॉकचे बूट उलटे करून झटकतो.
सात दाणे.
वहीत लिहून घेतो,
ढिगावर परत टाकतो.

भाव अजून त्रेसष्टच.