टाळू, अनिर्दिष्ट

तळमजल्यावर, शवागाराच्या अलीकडच्या खोलीत
आम्ही चौघी आजारांना आकडे लावत बसतो.
विशाखापट्टणमचा समुद्र इथून दिसत नाही,
फक्त फायलींची टोकं दमट होतात
आणि टाचण्या गंजतात.

वरहालम्मांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं:
जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही.
डोळ्यांनी दिसलं तरी नाही.

तर ही फाइल.
बाई, वय अठ्ठावन्न, भीमुनिपट्टणमच्या पलीकडची,
सुकी मासळी विकते.
निदानाच्या रकान्यात डॉक्टर कूर्मनाथांचं घाईचं अक्षर:
टाळूचा कर्करोग.
बस्स.

सी-शून्य-पाच, इथवर ठीक.
पण त्यापुढचा ठिपका, आणि ठिपक्यापुढचा आकडा?
पुढची कडक टाळू असेल तर शून्य, मागची मऊ असेल तर एक,
पडजिभेला दोन,
हद्द ओलांडून पसरला असेल तर आठ.
कुणी काहीच सांगितलं नसेल तर नऊ.
नऊ म्हणजे अनिर्दिष्ट.
नऊ लावला की योजनेचे पैसे अडतात.

डॉक्टरांना विचारणा पाठवली. तिसरी.

त्यात नावाचा घोळ.
आधार कार्डावर पैडितल्ली,
फायलीवर मैनिनल्ली.
मैनिनल्ली नावाची बाई
आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर सापडायची नाही.

वर गेले. खाट सतरा. नाव विचारलं.
तिनं सांगितलं,
आणि नोंदणीवरच्या पोराला मी मनातल्या मनात माफ केलं.
तोंडाच्या छताला भोक पडलंय.
ती प साठी ओठ नीट मिटते,
पण वारा आधीच नाकातून निसटलेला असतो,
बाहेर येतो तो म.
ड चा न. त चाही न.
पोरानं ऐकलं तेच टंकलं.
रोगानं नाव खाल्लं
आणि आम्ही त्याचं उष्टं
तीन प्रतींत जपून ठेवलं होतं.

‘कोडिंगम्मा, बघ,’ म्हणाली, आणि मी नको म्हणायच्या आत
तिनं आ केला.
मी बघितलं.
काय बघितलं ते लिहायचा अधिकार मला नाही.

तंबाखू: होय. त्याला आकडा आहे.
किती वर्षं, त्याला रकाना आहे.
चुट्ट्याचं कुठलं टोक तोंडात,
याला नाही.
जळतं टोक आत धरून ओढायची ती, आईसारखी,
गल्लीतल्या सगळ्या बायांसारखी.
का, मी विचारलं. आकड्यासाठी नव्हे.

सून नूकरत्नम उशाशी बसून
तिचं तेलुगू मला तेलुगूत सांगत होती:
वाऱ्यात विझत नाही म्हणे.
टोपली सावरायला दोन्ही हात मोकळे राहतात.
मग म्हातारी बराच वेळ काही बोलली, थांबली, परत बोलली,
आणि नूकरत्नम खाली बघत म्हणाली,
‘पोर मांडीवर असायचं.
राख त्याच्या टाळूवर पडू नये म्हणून.’

पावणेपाचला डॉक्टरांचं उत्तर आलं:
कडक टाळू, मऊ टाळूपर्यंत पसरलेला.
आठ.
मी आठ लावला. त्याला दोन्हीकडून बंद पोटं असतात,
हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

नावदुरुस्तीच्या अर्जावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते.
मुलगा आला, एल्लाजी, बंदरावर क्रेन चालवतो,
औषधांच्या रांगेतून तसाच,
हातात टोकनचा चिटोरा.
‘कुठे?’ त्यानं विचारलं. मी बोट ठेवलं.
तो सही करायला वाकला.

केस विरळ झालेत.
मी वरून त्याची टाळू पाहिली, नको इतका वेळ.
डाग नव्हता.
‘तारीख पण?’ तो म्हणाला.
हो, म्हटलं, तारीख पण.