इमारत की यंत्र

विम्याचा कागद इंग्रजीत,
वीजबिल कन्नडमध्ये,
आणि आम्ही दोघं त्यावर वाद घालतोय मराठीत.
वडगावात हे रोजचंच.

गुरुपाद बागेवाडी चष्मा कपाळावर ढकलतो.
"अक्का, नोडरी, इथं आठ माग आहेत,
दोन कांडी मशीन, सूत, तयार साड्या.
छताबद्दल एकच शब्द : पत्रा."
पत्राच होता तेव्हा.
आता त्या पत्र्यावर बावीस निळी पॅनेलं
दक्षिणेकडं पाय करून पडलीत.
सासूबाई असत्या तर
एकेकाला उठवून कूस बदलायला लावली असती.

"ही इमारत धरायची, की यंत्र?"
पेन चौकटीवर थांबलंय.
इमारत म्हटलं तर हप्ता एक,
यंत्र म्हटलं तर दुसरा,
आणि काहीच म्हटलं नाही, अन् वळवाच्या वाऱ्यानं
चार पॅनेलं उचलून येळ्ळूरच्या शेतात नेऊन टाकली
तर कंपनी विचारणार,
ही तुमची होती कशावरून?

मला हसू येतं.
कुणात धरायचं, कुठल्या चौकटीत,
हे तर आमच्या गावाला
पाळण्यात असल्यापासून विचारतायत.
गुरुपादलाही येतं हसू,
पण तो कंपनीचा माणूस,
खोकल्यात लपवतो.

मग आत येतो, मागांच्या खोलीत.
भिंतीवरच्या इन्व्हर्टरवरून बोट फिरवतो
आणि ते बोट माझ्यापुढं धरतो :
टोकाला सुताची पूस,
मांजराच्या पिल्लाच्या कानाएवढी.
"वाऱ्याचं राहू दे, अक्का.
हे पेटंल."

सात महिने मी वर बघत होते.
गारा. माकडं. वीज.
गणपतीतले रॉकेट.
आणि हे इथं, माझ्या पाठीमागं,
तिसऱ्या मागाच्या अंगाला,
धोट्याच्या प्रत्येक फेरीला थोडं थोडं
आमचंच उडालेलं सूत ओढून घेत बसलेलं.
लुमाण्णानं माग थांबवला.
तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला
त्याच्या आतल्या पंख्याचा दम लागल्यासारखा आवाज.

इन्व्हर्टर बाहेरच्या व्हरांड्यात न्यायचा,
जाळी लावून. खर्च माझा.
इमारतीची किंमत नऊ वर्षांपूर्वीची, तीही बदलायची.
"अर्धी किंमत लिहिलीय ना तुम्ही,
मग दोन लाख जळाले तर हातात एक येणार."
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणजे सांगितलं असेल,
त्या इंग्रजीत, बारीक अक्षरात, मागच्या पानावर.
हप्ता वाढला चार हजार तीनशेनं.
एप्रिलात बिल जेवढं कमी आलं
जवळजवळ तेवढंच.
ऊन फुकट आहे, मान्य.
उन्हाची भीती मात्र विकत घ्यावी लागते,
वर्षाच्या वर्षाला, जीएसटीसकट.

शेवटी फोटो.
प्रत्येक पॅनेलचा वेगळा, नंबर दिसंल असा.
शिडीवरून वर गेले तर
शेजारची कल्लव्वा आधीच वर :
तिच्या गच्चीवरून पाय टाकून आलेली,
आणि चार पॅनेलांवर ब्याडगी मिरच्या
लालभडक, पसरून वाळत घातलेल्या.
"छान तापतंय की गं हे," ती म्हणाली,
"दोन दिवसांत कुरकुरीत."
खालून गुरुपाद ओरडला, काय झालं?
काही नाही, म्हटलं, धूळ पुसतेय.

आम्ही दोघींनी पदरात भरल्या मिरच्या,
शिंकत, घाईघाईनं.
बावीस फोटो पाठवले.
पॉलिसी आली सोमवारी : चौकट 'यंत्र',
खाली माझी सही, तेवढी मराठीत.

सतराव्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात
एक मिरची राहिलीय.
कंपनीनं विचारलं नाही.
मीही कळवलेलं नाही.