चेंबर

ठिपका दतियाला रुपयाएवढा होता,
डबऱ्याच्या ढाब्यावर ताटलीएवढा,
आणि इथे ट्रान्सपोर्टनगरात, माझ्या दारात,
त्यानं रात्रीत अख्खं पोतं भिजवलं.
हाकिमसिंग म्हणाला, चेंबर गळतंय, बदलून टाक.

जानेवारी. धुक्यात किल्ला नाही.
म्हणजे असेल,
पण दुपारी बारापर्यंत ग्वाल्हेरात कुणी त्याची हमी देत नाही.
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून
मी गाडीखाली पाठ टेकतो.
पुठ्ठ्यावर दोन बाण छापलेत: ही बाजू वर.
जमीन इतकी गार की छाती दचकते.

तेल गरम असतानाच सोडावं, मामा सांगायचा,
गरम तेल घाण घेऊन निघतं,
थंड तेल घाण मागे ठेवून.
तो तेलाबद्दलच बोलत असे.
मामा दुसऱ्या कशाबद्दल बोलायचाच नाही.
अठरा लिटर. छोटन एक डबा ओढतो, दुसरा सरकवतो,
मधे जे सांडतं ते माझ्या बाहीत.

बोल्ट सव्वीस.
चोवीस मुकाट निघतात.
दोन फ्लायव्हीलच्या बाजूला, जिथे हात पोचतो, डोळा पोचत नाही.
तिथे बोटांनी वाचायचं.
तेरा नंबरची गोटी, लांब दांडी, एक शिवी.
शिवी हिंदीतच येते; घरात आई आहे, मराठी तिच्यासाठी.
तरी पुण्याची वहिनी माझ्या बोलण्याला हसते.
सोड्यानं हातांचं ग्रीस निघतं,
बाकीचं राहतं.

चेंबर सुटलं, पण खाली येईना.
पुढचा अ‍ॅक्सल आडवा.
मग इंजिनाची फौंडेशनं ढिली केली,
जॅकवर लाकडाचा ठोकळा,
आणि आठशे किलो वर उचलले
दोन बोटं. दोनच.
जिन्यातून कपाट काढतात तसं
तिरकं, थोडं मागे, परत तिरकं, छोटन थांब, हां, आता.

तडा तळाला होता, केसासारखा,
जुन्या वेल्डिंगच्या अगदी शेजारून.
कुणीतरी एकदा बुजवून वर काळा रंग मारला होता.
हात चांगला होता त्याचा.
तड्यानं ती जागा सोडली आणि पलीकडून वाट काढली.

तळातला चिखल मी चिमटीत घेतला,
बाहेर आलो, धुकं जरा विरलं तिथे बोटं धरली.
चमकलं.
तांबूस, बारीक, मेंदीच्या भुकटीत कुणी काच कुटावी तसं.
हाकिमसिंग वाकला:
"सोनो निकरो का, महाडिक?"

बेअरिंग, मी म्हटलं. बिगएंडचं.
आतल्या आत झिजतंय, कणाकणानं खाली येऊन बसतंय.
हे गळलं नसतं
तर कुणी उघडलंच नसतं.

किती चालेल?
सागरपर्यंत जाईल. नागपूर सांगता येत नाही.
उद्या फरशी भरायची आहे, तो म्हणाला,
आणि थोड्या वेळानं,
मी चेंबरचं सांगितलं होतं.
खरं होतं. चेंबरचंच सांगितलं होतं.

पुढचं सगळं मी नेहमीसारखं केलं.
पात्यानं जुनं पॅकिंग खरवडलं, कडेवर बोट फिरवलं,
नवं कॉर्क बसवलं,
बोल्ट मधून सुरू करून बाहेर, आलटून पालटून,
आवळायचे पण चेपायचे नाहीत.
नवं तेल मधाच्या रंगाचं गेलं आत.
इंजिन चालू केल्यावर पेचकस कानाला लावून
ब्लॉकवर टेकवला.
छोटननं विचारलं, काय म्हणतंय?
मी म्हटलं, थंडी.

बिलावर शेवटी एक ओळ लिहिली:
बिगएंड बेअरिंग बघणे. समोर शून्य.
हाकिमसिंगनं कागदाची चार वेळा घडी केली
आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.

तो झोपला केबिनमध्येच.
सकाळी आलो तर गाडी नव्हती.
होता तो पुठ्ठा, रात्री इंजिनाखाली सरकवलेला,
कोरडा, एक ठिपका नाही,
दोन बाण झाशी रस्त्याकडे.

मी तो उलटूनही पाहिला.