एकास नऊ

झाकण उलटं ठेवलंय बाकावर,
चार वाट्या छताकडे तोंड करून.
ओर्नेल्ला काठाला ग्रीस फासते,
वर भोक पाडलेली काच दाबते,
आणि काचनळीतून लाल तेल सोडते थेंबथेंब,
बाळाला औषध पाजावं तसं.
मोज, मला म्हणते. मी मोजतो.

बाहेर रुबिएराच्या रस्त्यावर धुकं इतकं
की पॉप्लरचे नुसते बुंधे उरलेत.

मालागोली दारात उभा, कोट न काढता.
गाडी त्याच्या भावाची, सदुसष्टची.
भाऊ जूनमध्ये गेला.
त्याला ती जरा चावरी करून हवीय.
अकरा करा, म्हणतो. साडेअकरा.
माझी नवी तर तेरावर चालते,
भाजी आणायला जातानासुद्धा.

तुझ्या नवीला कान आहे, ओर्नेल्ला म्हणते.
आत कुठे ठोका पडला की ऐकते,
ठिणगी मागे घेते,
तुला कळतही नाही ती कधी नमली.
हिला कान नाही.
हिचा कान म्हणजे चालवणारा.
तुझा भाऊ ऐकायचा का?

तो रेडिओ लावायचा, मालागोली म्हणाला.

मी इथे आलो त्या दिवशी तिनं सांगितलेलं:
नऊ वाट्या हवा एका वाटीत कोंबायची,
मग काडी लावायची. बस, एवढंच.
रागासारखं, मी म्हणालो होतो.
ती म्हणाली, राग मोजता येत नाही,
ग्रीस उचल.

पहिली वाटी त्रेचाळीस.
दुसरी त्रेचाळीस.
एकोणपन्नास मावायला हवं होतं.
कुणीतरी तासलंय, मी म्हणालो.
तिनं रॉकेलच्या बोळ्यानं कड पुसली,
पन्नास वर्षांचं काळं निघालं,
खाली ठोकलेले आकडे: एक पूर्णांक दोन.
शेजारी एक ओ,
तिरका, घाईतला.

ती स्टुलावर बसली.

चौऱ्याहत्तर साल, म्हणाली. घाटातली शर्यत होती.
मी एकोणीस वर्षांची.
मालक म्हणाला तास, मी तासलं.
सहा मिनिटांच्या चढासाठी.
नंतर कुणाला विकली ते विचारलं नाही.

तिसरी वाटी भरत होती.
तरीच, मालागोली म्हणाला,
आणि थांबला.
तरीच तो रेडिओ इतका मोठ्यानं लावायचा.
आम्हाला वाटायचं, गाण्यांचं वेड.

कोट काढून त्यानं खिळ्याला अडकवला.

ओर्नेल्लानं पेन्सिल शोधली,
बिलाच्या पाठीवर लिहिलं:
तांब्याचं गॅस्केट, एक पूर्णांक दोन जास्त जाड.
तासलेला धातू काही परत येत नाही, म्हणाली,
जागा तेवढी देता येते.
चढावर थोडी दमेल.

दमू दे, तो म्हणाला.
बोट तेलात बुडवून बघितलं,
मग कुठे पुसावं कळेना,
तसंच धरून उभा राहिला.

चौथी वाटी अजून मोजायची होती.