कानामागून आली

कानामागून आली, तिखट मात्र झाली नाही.
अकरा वर्षं जबड्याच्या कोपऱ्याशी,
आधी बोराएवढी, मग जर्दाळूएवढी.
दाबली की किंचित सरकायची
आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसायची.
दाढी करताना मी तिला वळसा घालायचो.
ब्लाझेना म्हणायची, दाखव ना कुणाला तरी.
दुखत नाही, म्हणायचो,
आणि दुसरी सिगारेट पेटवायचो.

चाळीस वर्षं नोवी बोरच्या भट्टीवर
फुंकणीतून काचेत श्वास सोडला.
पोकळी कशी मोठी होते
हे मला कुणी शिकवू नये, असं वाटायचं.

लिबेरेट्सच्या इस्पितळात डॉक्टर व्होत्रुबोवा,
पोरगीच, माझ्या धाकटीहून लहान,
म्हणाली, बघायचंय?
काचपट्टी भिंगाखाली जाण्याआधी
मी ती मागून घेतली, उजेडात धरली.
साधी काच. कडा घाईत कापलेल्या.
चालायचंच.

मग डोळा लावला.
गुलाबी पेशी दोन पदरी रांगेत,
वरच्या उंच, खालच्या ठेंगण्या,
पोकळीच्या काठानं उभ्या,
आणि तो काठच घड्या घालत आत झुकलेला, बोटं बोटं.
मागे निळ्या ठिपक्यांची खच्चून गर्दी.

ह्या फार झपाट्यानं वाढतात का?
नाही हो, ती म्हणाली, ह्या सावकाश.
बाकी पाणी.
बाहेर वाट नव्हती, साचत गेलं,
भिंतीला मागे मागे रेटत राहिलं.
सुईतून निघालेलं मी पाहिलं होतं,
जुन्या ट्रॅक्टरच्या तेलासारखं तपकिरी.

म्हणजे फुंकर नाही, आग नाही,
सतत फिरवत राहणारा हात नाही,
आणि तरी भिंत कुठे फाटली नाही.
मला जरा रागच आला.

सर्जन म्हणाला, चेहऱ्याची नस
ह्याच ग्रंथीतून जाते. जपून काढू, पण.
त्या 'पण'वर मी तीन रात्री जागलो.
ओठाचा कोपरा लुळा पडला
तर श्वास काचेत जायचाच नाही,
बाजूनं गळेल.

शुद्धीवर आलो तेव्हा जीभ लाकडासारखी,
कानाची पाळी बधिर. ती अजून आहे.
सर्जन वाकला, म्हणाला,
गाल फुगवा बघू.

मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो.
मग फुगवले.
दारात ब्लाझेना उभी होती,
ओठ हलत होते तिचे.
मोजत असावी.