कंठमणी

धायरी फाट्याला उतरायचं, मग चढ.
सातला माझी ड्यूटी, साडेसातला पहिला चहा.
चहाआधी मी कवळ्या मोजते.
सोळा माणसं, अकरा कवळ्या,
त्यातली एक कायम भालेघरे साहेबांच्या उशीखाली.

साहेब पाटबंधारे खात्यातले.
खडकवासल्याच्या दरवाजांवर बत्तीस वर्षं.
आता त्यांचं पाणी मी घट्ट करते.
डब्यातली पावडर, सपाट चमचा,
ढवळून ठेवायचं, मधासारखं ओघळेपर्यंत.
पहिल्या दिवशी त्यांनी पेला तिरका करून पाहिला.
"मुक्ताबाई, आयुष्यभर पाणी अडवलं,
पण इतकं आज्ञेतलं पाणी नाही पाहिलं."
तेव्हापासून चमचा पुढे केला की म्हणतात,
"सोडा. विसर्ग कमी ठेवा."

बागवान मॅडम एका शनिवारी शिकवून गेल्या.
गळ्यात दोन वाटा, म्हणाल्या, अगदी शेजारी शेजारी,
आणि म्हातारपणी तिथला फाटकवाला डुलकी काढतो.
मला लगेच कळलं.
माझा बाप घोरपडीच्या फाटकावर होता.

तर, पाठ ताठ. हनुवटी जराशी छातीकडे.
टीव्ही बंद, मालिका कुठे पळून जात नाही.
बोलायचं ते घास गिळल्यावर;
हे पुण्यात सांगणं अवघड.
आणि भरवणाऱ्यानं बसायचं.
घास वरून आला की माणूस मान उंचावतो, पिल्लासारखी,
तिथंच चुकतं.

खोकला आला तर मी घाबरत नाही.
खोकू द्या. खोकतोय म्हणजे वारा चालू आहे.
भीती गप्प बसलेल्याची.

यमूताई पोंक्षे गप्प बसल्या होत्या.
पाडव्याची पंगत, आम्ही श्रीखंड वाढत होतो.
हात गळ्याशी.
मला वाटलं, मंगळसूत्र चाचपतायत.
तेव्हापासून आमच्याकडे पुरी लाटत नाहीत.

मॅडमनी उशीवर शिकवलं:
पुढे वाकवा, दोन्ही खांद्यांच्या मध्ये,
तळहाताच्या टाचेनं, पाच.
शाबासकी देतात तिथंच, पण जोरात.
मी उशीला पाच दिल्या.
मग आणखी पाच.
कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी साहेबांचा मुलगा आला, बडोद्याहून.
मी खोलीत गेले तर साहेब आडवे,
आणि ह्याच्या चिमटीत अख्खा पेढा, त्यांच्या ओठांपाशी.
मी हात धरला. चांगला घट्ट धरला.
"बापाला घास भरवायलाही पास काढायचा का?"
मी उत्तर दिलं नाही.
पलंगाचं हँडल फिरवत राहिले, ते बसते होईपर्यंत.
पेढा दुधात विरघळवला, रबडीइतका दाट,
गाळणीतून काढला, आणि वाटी त्याच्याच हातात दिली.
"आता गळ्याकडे बघा. तो मणी वर जाईल, खाली येईल.
तोवर दुसरा चमचा नाही."

मणी वर गेला.
थांबला.
आम्हीही थांबलो.
खाली भंगारवाला ओरडत गेला, लांब गेला.
मग मणी खाली आला,
आणि मुलानं स्वतःच आवंढा गिळला.

चौदा चमचे. पाऊण तास.
वाटी संपली तेव्हा साहेब म्हणाले, "दरवाजे बंद."
अर्धा तास निजवू नका, मी म्हटलं.
तो तासभर बसला. काहीतरी बडोद्याच्या पाण्याबद्दल बोलत होते दोघं.

रात्री जनता वसाहतीत
मी भाकरी खाते ओट्याशी, उभ्यानंच, चार घासांत.
ठसका लागला.
पोरगी पुस्तकातून मान न काढता म्हणाली,
"कुणीतरी आठवण काढली, आई."
मी घटाघटा पाणी प्यायले, पातळ, धावणारं.
घड्याळात सव्वानऊ.
रात्रपाळीची मुलगी नवी आहे.
गोळी देताना त्यांना बसतं केलं असेल ना.